शेरा

मशीन म्हणते, बेचाळीस मजले.
मी खाली पाहतो : तीच रबरी चटई,
तेजल निखारेचे तेच निळे बूट,
खिडकीबाहेर मानेवाड्याचा रिंगरोड,
तसूभरही खाली गेलेला नाही.

माझ्या बीटात सगळ्यात उंच जिना चार मजल्यांचा होता,
आणि प्रत्येकाला आपापला वास :
इतवारीत हिंग अन् ओलसर पोती,
महालात चुना,
जरीपटक्यात नवं कापड.
तेहतीस वर्षं मी लोकांच्या घरचे मीटर वाचले.
मे महिन्यात कूलर लागले की चकती अशी पळायची
की तिच्यावरची लाल खूण डोळ्यात मावत नसे.
दुपारी दोनला कठडा हाताला चटका द्यायचा,
म्हणून न धरताच चढायचो.

आता छातीवर एक उभी शिवण आहे
आणि डॉक्टर म्हणतात, चढा.

पडद्यावर पाच आकडे लुकलुकतात.
मजले, मिनिटाला पावलं, ठोके, वॅट, कॅलरी.
तेजल एकेक समजावते.
वॅट मला नको शिकवू पोरी, मी म्हणतो,
एकशे पंधरा म्हणजे शंभरचा पिवळा बल्ब
अन् शेजारी देवघरातला झिरोचा.
झिरो म्हणतात त्याला, पण खातो पंधरा.
ती हसते. तिनं पिवळा बल्ब पाहिलाय की नाही, कोण जाणे.

कॅलरीचं मात्र विचारलं : हे याला कसं कळलं?
"वजन टाकावं लागते न काका, तुम्ही टाकलंच नाही.
त्यानं सत्तर धरलं. सरासरी."

सरासरी.
हा शब्द माझ्या ओळखीचा आहे.
दाराला कुलूप, मीटर आतल्या खोलीत,
शेऱ्यात लिहायचं 'घर बंद' अन् सरासरी लावायची.
मग माणसं बिल फडकवत ऑफिसात यायची :
"महिनाभर उमरेडले होतो आम्ही,
लाईट कोन जाळली बापा?"

"हात सोडा न, हेडाऊ काका," तेजल म्हणते,
"दांडीवर रेलता तुम्ही, अर्धं वजन हातावर जाते.
मशीनले काय, ते पायऱ्या मोजते.
आकडा वर जाते, तुम्ही तिथंच."

एक दुपार होती.
जरीपटका, चौथा मजला, टेकचंद केसवानी,
चार शिलाई मशिनी.
मी खालच्या पायरीवर बसलो, सावलीत,
मागचं रीडिंग पाहिलं, पुढचं मनानं लिहिलं.
शेरा : घर बंद.
वरून मशिनींची खडखड स्वच्छ ऐकू येत होती.

तो भांडायला आला नाही.
बिल भरलं त्यानं.
पुढच्या महिन्यात वर गेलो तर
वाळ्याचं पाणी दिलं, पितळी पेल्यात,
आणि म्हणाला, फार चढावं लागतं तुम्हाला.

मी हात सोडले.
आधी एक गुडघा, मग दुसरा बोलला.
वेग दोनदा कमी केला, लाज वाटली, तरी केला.
त्याच चौदा मिनिटांत सत्तावीस मजले.
वॅट तर साठाच्या बल्बावर आले.
ठोके एकशे अठरा.

"आता एक मिनिट नुसते उभे राहा," ती म्हणाली,
आणि माझं मनगट धरून घड्याळाकडे पाहत राहिली.
हा आकडा पडद्यावर येत नाही,
तो थांबल्यावर घ्यावा लागतो.
नव्याण्णव.
एकोणीसनं उतरले.
गेल्या सोमवारी अकरानंच उतरले होते.

घरी खात्याची एक जुनी वही उरली आहे,
रकाने तेच : मागील, चालू, फरक.
सत्तावीस लिहिलं. नव्याण्णव लिहिलं.
वजनही लिहिलं, एक्याऐंशी, सरासरी नव्हे.
शेवटच्या रकान्यापाशी पेन्सिल जरा थबकली.

मग लिहिलं :
घर उघडं होतं.